बुद्धिबळाची कोडी एकट्याने सोडवावीत की मित्रांसोबत? आम्ही चौघे जमतो, पण एक जण पटकन उत्तर बोलून टाकतो आणि बाकीचे नुसती मान डोलावतात. चर्चा जमवायची कशी?

सोडवावीत एकट्यानेच, चर्चा करावी चौघांत. तुमच्याकडे ही दोन्ही कामं एकाच वेळी चालली आहेत, म्हणून जो पटकन बोलतो त्याचंच चालतं.

आधी एक नियम करून टाका: प्रत्येकाने पहिली चाल आणि त्यावर समोरच्याचं सर्वांत चिवट उत्तर कागदावर लिहायचं, मगच तोंड उघडायचं. खरा भर दुसऱ्या भागावर द्या. ‘घोड्याचा बळी द्यायचा’ हे बहुतेकांना दिसतं. प्रतिस्पर्ध्याने तो घोडा घेतलाच नाही तर काय, हे लिहिताना मात्र पेन अडतं.

चर्चा कशासाठी करायची याचं माझं आवडतं उदाहरण १८९५ सालचं आहे. पट मांडून घ्या (घराच्या नावात अक्षर उभ्या रांगेचं, आकडा आडव्या रांगेचा). पांढऱ्याचा राजा बी६ वर, प्यादं सी६ वर. काळ्याचा राजा ए१ वर, हत्ती डी५ वर. चाल पांढऱ्याची.

प्यादं सी७ वर जातं आणि काळा डी६ वरून शह देतो. आता राजा कुठे? बी७ वर गेला तर हत्ती डी७ वर येऊन प्यादं पिन करतो, म्हणजे राजापुढे जखडून ठेवतो, आणि खातो. सी५ वर गेला तर हत्ती थेट डी१ वर जातो; मग प्याद्याचा वजीर केलात की सी१ वरून शह बसतो आणि वजीर गेलाच. म्हणून राजा बी५, बी४, बी३ असा खाली उतरत राहतो, हत्ती डी५, डी४, डी३ वरून शह देत पाठलाग करतो. राजा सी२ वर पोचला की शह संपतात. मग काळा डी४ वर येतो. वरवर ही अगदी निरुपद्रवी चाल आहे. पण तुम्ही वजीर केलात की हत्ती सी४ वर शह देतो. वजिराने तो खाल्ला की काळ्या राजाला हलायला एकही घर उरत नाही. स्टेलमेट, म्हणजे बरोबरी!

ग्लासगोच्या एका साप्ताहिकात बुद्धिबळाचं सदर चालवणारे जॉर्ज बार्बिये यांनी या रचनेचं मूळ रूप बरोबरी म्हणूनच छापलं होतं. वाचकांपैकी फर्नांडो साव्हेद्रा या स्पॅनिश धर्मगुरूंनी त्यात खोट काढली: वजीर नको, हत्ती करा. आता ए८ वरून मात बसणार, म्हणून काळ्याला हत्ती ए४ वर आणावा लागतो. त्यावर पांढरा राजा बी३ वर. एकाच चालीत हत्तीवर हल्ला आणि सी१ वरून मातेची धमकी. डाव संपला. साव्हेद्रा साधे हौशी खेळाडू होते. बुद्धिबळात त्यांचं नाव टिकलंय ते या एका चालीमुळे. छापून आलेल्या उत्तराला ‘पण असं केलं तर?’ विचारणारा एक माणूस तुमच्या चौघांतही हवा.

इंजिन, म्हणजे चाली तपासणारा संगणक प्रोग्राम, सगळ्यात शेवटी उघडा. ते आधी उघडलं की बोलणंच खुंटतं. पडद्यावर आकडा येतो आणि सगळे गप्प. एखाद्याची वेगळी चाल चुकीची ठरली, तर ती नेमकी कुठे फसली हे आधी हाताने सोंगट्या हलवून शोधा. आणि ती चालही जिंकत असेल तर? कोडं प्रत्यक्ष डावातून घेतलेलं असेल, तर त्यात दोन वाटा निघणं गैर नाही. मुद्दाम रचलेल्या कोड्यात मात्र दुसरी किल्ली, म्हणजे कोडं सोडवणारी दुसरी पहिली चाल, सापडली, तर तो रचनाकाराचा दोष मानला जातो. अशी किल्ली सापडल्याचा आनंद काही औरच!

‘दोन चालींत मात’ प्रकारची रचलेली कोडी आणि डावपेचांची कोडी एकाच बैठकीत मिसळू नका. डावपेचांत आधी शह आणि मारामारी तपासायची, ही सवय योग्यच आहे. रचलेल्या कोड्यात पहिली चाल शक्यतो शह नसते, कुठल्या तरी कोपऱ्यातली शांत चाल असते. तीच सवय तिथे घेऊन गेलात तर तासभर डोकं आपटत बसाल.

अधूनमधून कुणीतरी अशी स्थितीही आणावी जिच्यात काहीच दडलेलं नाही, नुसती एक बरी चाल करायची आहे. हे आधी सांगायचं नाही. कोडं म्हटलं की बळी द्यायला हात शिवशिवतात. खऱ्या डावात ‘आता इथे काहीतरी आहे हं’ असं कानात सांगायला कुणी येत नाही.

राहता राहिला तो पटकन बोलणारा. त्याला गप्प बसवायच्या फंदात पडू नका, त्याला काळ्याची बाजू द्या. बाकी तिघांनी पांढऱ्याचं उत्तर पटावर खेळून दाखवायचं आणि त्याने प्रत्येक चालीवर जमेल तेवढं झुंजायचं. त्याला उत्तर ठाऊक असलं तरी काही बिघडत नाही, उलट तो जास्तच चिवट बचाव करेल.