'अत्यवस्थ, पण स्थिर' म्हणजे नेमकं काय?

कोरेगावहून एका वाचकांनी विचारलं आहे: "मामांना मिरजेत आयसीयूत ठेवलंय. डॉक्टर दोन्ही वेळेला सांगतात, 'अत्यवस्थ आहेत, पण स्थिर आहेत.' मामी विचारते, म्हणजे बरं की वाईट? आणि लिहायचं अत्यवस्थ की अत्यावस्थ?"

लिहिण्याचं आधी सांगतो. बरोबर रूप 'अत्यवस्थ'. अति आणि अवस्था यांचा संधी होताना इ-चा य होतो आणि पुढचा अ तसाच राहतो. 'अत्यावश्यक'मध्ये पुढचा शब्द 'आवश्यक', म्हणजे मुळातच आ, म्हणून तिथे काना येतो. तोच काना सवयीनं इकडे सरकतो. 'अवस्था' हा तसा कुठल्याही स्थितीला चालणारा शब्द. बाल्यावस्था म्हणतो तेव्हा त्यात वाईट काही नसतं. 'अति' लागला की मात्र टोकाची, जिवावरची स्थिती.

आता मामींचा प्रश्न, आणि तोच महत्त्वाचा. 'अवस्था' आणि 'स्थिर' दोन्ही एकाच 'स्था' धातूचे, उभं राहणं, टिकणं या अर्थाचे. तरी आपल्या कानाला 'स्थिर' चांगलाच वाटतो. पोरगं नोकरीत स्थिर झालं, संसार स्थिरस्थावर झाला असं आपण म्हणतो. डॉक्टरांच्या तोंडी तो 'स्टेबल'चा मराठी अवतार असतो आणि त्याचा अर्थ फार मर्यादित: मागच्या वेळी तपासलं तेव्हापासून नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन यांत फारसा बदल नाही. माणूस कुठल्या पातळीवर आहे हे तो शब्द सांगतच नाही.

सांगलीकरांना हे लगेच कळावं. आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45. 2019 च्या ऑगस्टात पाणी 57 फुटांच्याही वर गेलं होतं. अशा वेळी 'पातळी स्थिर' अशी बातमी आली म्हणून कुणी घरी परतत नाही. पाणी अजून घरातच असतं, फक्त चढायचं थांबलेलं असतं. 'अत्यवस्थ' सांगतो पाणी कुठवर आलंय, 'स्थिर' सांगतो ते हलतंय का. म्हणून दोन्ही शब्द एकाच दमात खरे असू शकतात. डॉक्टर गोलमाल बोलत नसतात.

यात एक गोष्ट मात्र न बोललेली राहते: स्थिर कशाच्या आधारानं? व्हेंटिलेटर श्वास देतोय म्हणून ऑक्सिजन स्थिर, की मामा स्वतः श्वास घेतायत म्हणून? दोन्हीत फार अंतर आहे. तसंच 'बीपीचं औषध चालू आहे' हे वाक्य. आपल्याकडे 'त्यांना बीपी आहे' म्हणजे बीपी जास्त आहे, आणि बीपीची गोळी म्हणजे ते उतरवणारी. आयसीयूत पंपावर लावलेलं बीपीचं औषध बहुधा उलट असतं, पडलेला दाब वर धरून ठेवणारं. नॉरअॅड्रिनलिन हे त्यातलं नेहमीचं. घरचे ऐकतात आणि म्हणतात, 'बीपी तर त्यांना आधीपासूनच होतं, त्यात काय.' इतकं उलटं ऐकलं जाताना मी पाहिलं आहे आणि त्याचं वाईट वाटतं, कारण चूक ना सांगणाऱ्याची ना ऐकणाऱ्याची. एकाच शब्दाला घरात एक अर्थ आहे आणि तिथे दुसरा.

'सलाईन'चंही थोडंफार असंच. मूळ शब्द मिठाचा. नॉर्मल सलाईन म्हणजे लिटरला 9 ग्रॅम मीठ घातलेलं पाणी. आपण मात्र टांगलेल्या प्रत्येक बाटलीला सलाईन म्हणतो, आत ग्लुकोज असलं तरी. मधुमेह असलेल्या माणसाच्या बाबतीत बाटलीत काय आहे ते विचारावं.

'अतिदक्षता'नंही घाबरू नका, असं मामींना सांगा. शाळेच्या कवायतीत 'दक्ष!' म्हटलं की आपण ताठ व्हायचो, तोच हा दक्ष. ही दक्षता आजाऱ्याची नाही, भोवतालच्या माणसांची आहे. या विभागाचा जन्मही माणसांच्या जागरणातूनच झाला. 1952 साली कोपनहेगनला पोलिओची मोठी साथ आली, यंत्रं पुरेनात, तेव्हा ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाच्या सूचनेवरून वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून हातानं रबरी पिशवी दाबत रोग्यांना श्वास देत राहिले. पुढच्याच वर्षी इब्सेननी तिथे असा स्वतंत्र विभाग उभा केला.

तेव्हा उद्या डॉक्टर 'स्थिर' म्हणाले की दोनच गोष्टी विचारा: "कालच्यापेक्षा आधार कमी करावा लागला की वाढवावा लागला?" आणि "उतार आहे का?" हा दुसरा शब्द मुद्दाम सुचवतो. ताप असो की कृष्णेचा पूर, मराठीत दोन्हीला उतारच पडतो. मामींना 'स्थिर'मध्ये जे ऐकू येतंय, ते खरं तर या शब्दात आहे.