अनुदान कधी येणारच नव्हतं, काकू

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातून एका निवृत्त शिक्षिकेचं पत्र आलं आहे. त्यांच्या वाड्यात आंघोळीचं पाणी लाकडावरच्या तांब्याच्या बंबात तापायचं. धुराने दम लागायचा म्हणून डिसेंबर २०२४ मध्ये त्यांनी एका दुकानातून विजेवरचा हीट पंप (हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारं यंत्र) १,१५,००० रुपयांना घेतला. 'सूर्यघर योजनेत ४० टक्के अनुदान, ४६,००० परत' असं दुकानदाराने कोटेशनवर हाताने लिहून दिलं. जुना बंब ४,००० रुपयांत वळता करून घेतला. अनुदान आजवर आलेलं नाही. आता तो 'फाइल पुढे सरकवायला' आणखी २,५०० रुपये आणि मोबाइलवर येणारा ओटीपी मागतो आहे.

काकू, 'माझीच चूक झाली' असं तुम्ही पत्रात दोनदा लिहिलं आहे. ते आधी मनातून काढून टाका. इंग्लंडमधल्या भाच्याला हीट पंपासाठी ७,५०० पौंड मिळाले, म्हणून तुमचा विश्वास बसला. तिथे असं अनुदान खरंच आहे. पंप बसवणाराच अर्ज करतो आणि तेवढी रक्कम बिलातून वजा करतो. ऑस्ट्रेलियातल्या लॉन्सेस्टन शहरातही २००१ पासून काही वर्षं लाकडाचे हीटर बदलणाऱ्यांना सरकारने पैसे दिले होते. पण पीएम सूर्यघर योजना छतावरच्या सौर पॅनेलसाठी आहे. २ किलोवॉटपर्यंत दर किलोवॉटला ३०,००० रुपये, तिसऱ्या किलोवॉटला १८,००० आणि जास्तीत जास्त ७८,०००. पाणी तापवण्याच्या पंपाला तिच्यात एक पैसाही नाही. शिवाय ते पैसे पॅनेल बसून नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणारा मीटर) लागल्यावर थेट ग्राहकाच्या खात्यात येतात. तुमच्या छतावर पॅनेलच नाही, मग फाइल कसली?

म्हणून २,५०० रुपये देऊ नका आणि ओटीपी तर कुणालाच सांगू नका. तुमच्या आधारची प्रत आणि रद्द केलेला चेक त्याच्याकडे आहे, तेव्हा बँकेत जाऊन गेल्या वर्षभराच्या नोंदी तपासून घ्या. वीज कंपनीच्या झोन कार्यालयात बिलावरचा आयव्हीआरएस नंबर (म्हणजे तुमचा ग्राहक क्रमांक) देऊन 'या कनेक्शनवर सूर्यघरचा अर्ज आहे का' असं लेखी विचारा. 'नाही' असं उत्तर आलं, तर तो कागद तुमच्या फार कामाचा.

आता दाव्याचं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार असं खोटं आश्वासन देऊन माल विकणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. तक्रार ग्वाल्हेरच्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही आणि वकीलही लागतोच असं नाही. मुदत मात्र दोन वर्षांची. ती कधीपासून मोजायची यावर वाद घालता येतो, पण तुम्ही खरेदीच्या तारखेपासूनच मोजा. म्हणजे डिसेंबर २०२६ च्या आत तक्रार दाखल झालीच पाहिजे. 'पुढच्या महिन्यात नक्की' म्हणत तो हेच दिवस खातो आहे.

पावतीच्या तळाशी बारीक अक्षरात 'अनुदानाची जबाबदारी ग्राहकाची' असं छापलं आहे आणि त्याखाली तुमची सही आहे, याची तुम्हाला धास्ती वाटते. कोटेशनवरचं त्याचं हस्ताक्षर त्याहून जड आहे. जी योजना या वस्तूला लागूच नाही, तिची जबाबदारी तो ग्राहकावर कशी टाकणार? इथे एक खाच सांभाळा. तक्रारीत त्या अटीला 'अन्यायकारक करार' म्हणू नका. तो मुद्दा राज्य आयोगाच्या अखत्यारीत येतो आणि समोरचा वकील तेवढ्यावरच तारखा घेत बसेल. 'अनुचित व्यापारी प्रथा' एवढंच म्हणा.

मागायचं काय? पंप परत करू नका असं मी सांगेन. तो नीट चालतो, साध्या गिझरपेक्षा वीज बरीच कमी खातो आणि तुमचा दम थांबला आहे. ४६,००० रुपये, त्यावर व्याज, मनस्तापाची भरपाई आणि खर्च एवढं मागा. आधी स्पीड पोस्टने पंधरा दिवसांची नोटीस द्या. त्याचे व्हॉट्सॲप मेसेज पुसू नका. त्यांच्या प्रिंटसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे मोबाइलमधला पुरावा खरा असल्याचं, प्रमाणपत्र जोडा.

पोलिसांत जायचं तर भारतीय न्याय संहितेतलं फसवणुकीचं कलम ३१८ आहे, पण त्यात सुरुवातीपासूनच फसवण्याचा हेतू होता हे सिद्ध करावं लागतं. गल्लीतल्या आणखी कुणाला त्याने असंच लिहून दिलं असेल तर सगळे मिळून जा. एकट्याने आधी आयोगच गाठा.

राहिला सासूबाईंचा बंब. पावतीवर फक्त 'जुना बंब, १ नग' आहे, वजन नाही. तुम्ही म्हणता तो अठरा किलोचा होता. तसं असेल तर नुसत्या मोडीच्या भावानेही ४,००० फारच कमी आहेत. तो उचलून नेताना ज्या नणंदबाई हजर होत्या त्यांचं शपथपत्र घ्या, दिवाळीच्या फोटोत बंब दिसतो तो फोटो शोधा आणि त्या दिवसाचा मोडीचा भाव भांड्यांच्या दुकानदाराकडून लिहून आणा. ही मागणी तक्रारीत वेगळ्या परिच्छेदात लिहा, म्हणजे ती फेटाळली गेली तरी ४६,००० च्या दाव्याला धक्का लागणार नाही.