जागा-जमीन सल्ला : वाळूजचे शेड, बिडकीनची जमीन आणि बीड बायपासचा गाळा

प्रश्न : वाळूज औद्योगिक वसाहतीत भाड्याच्या शेडमध्ये सीएनसी मशीनवर वाहनांचे सुटे भाग तयार करण्याचा माझा व्यवसाय आहे. त्याच वसाहतीत हजार चौरस मीटरचा एक भूखंड शेडसह विकायला आला आहे. मूळ भूखंडधारक वयोवृद्ध असून त्यांचा कारखाना बंद आहे, आणि शेडचा मागचा भाग त्यांनी दोघांना भाड्याने दिला आहे. मध्यस्थ म्हणतो की एमआयडीसीचे (महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे) हस्तांतरण शुल्क फार भरावे लागते, तेव्हा तूर्त मुखत्यारपत्र आणि नोटरी केलेले सौदेपत्र करून ताबा घ्या, ‘ट्रान्स्फरचे पुढे बघू’. असा व्यवहार करावा का?
— एक लघुउद्योजक, बजाजनगर

उत्तर : करू नये. कारण समजण्यासाठी विक्रेता आपल्याला नेमके काय विकतो आहे, हे आधी पाहावे लागेल. एमआयडीसी आपल्या वसाहतीतील भूखंड मालकी हक्काने विकत नाही, तर साधारणपणे ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने देते. म्हणजे विक्रेत्याच्या हातात जमिनीची मालकी नसून भाडेपट्ट्याची उरलेली वर्षे आहेत, आणि तीही महामंडळाच्या पूर्वपरवानगीशिवाय दुसऱ्याला देता येत नाहीत. वाळूजमध्ये भूखंड वाटप होऊन काही दशके लोटली आहेत. त्यामुळे ९५ पैकी किती वर्षे शिल्लक आहेत, हा आपला पहिला प्रश्न असायला हवा. बँकही तोच विचारील.

दुसरे म्हणजे हा भूखंड कागदोपत्री कोणत्या टप्प्यावर आहे ते पाहावे. वाटप झाल्यावर आधी भाडेपट्ट्याचा करारनामा होतो, त्यानंतर मंजूर नकाशाप्रमाणे बांधकाम करून इमारत पूर्णत्वाचा दाखला घ्यावा लागतो, आणि मग अंतिम भाडेपट्टा नोंदवला जातो. शेड उभे आहे म्हणून दाखला असेलच, असे गृहीत धरू नये. पुढच्या मोकळ्या जागेत पत्रे टाकून वाढवलेला भाग, कुंपणाला टेकवून बांधलेली खोली, नकाशात नसलेला पोटमाळा अशा गोष्टी वसाहतीत सर्रास आढळतात आणि हस्तांतरणाचा अर्ज केल्यावर त्या एकेक करून वर येतात. मंजूर नकाशाची प्रत हातात घेऊन आपल्या वास्तुविशारदासह शेडभोवती एक फेरी मारावी.

आता मुखत्यारपत्राविषयी. मुखत्यारपत्र आणि सौदेपत्र यांच्या आधारे स्थावर मालमत्तेतील हक्क हस्तांतरित होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०११ मध्ये ‘सूरज लॅम्प’ प्रकरणात स्पष्ट केले आहे. शिवाय साधे मुखत्यारपत्र ते देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर संपते, आणि भूखंडधारक वयोवृद्ध असल्याचे आपणच लिहिले आहे. उद्या त्यांचे काही बरेवाईट झाले, तर पूर्ण रक्कम मोजूनही आपल्याला त्यांच्या वारसांच्या सह्यांसाठी खेटे घालावे लागतील, आणि तोवर भाव वाढलेले असल्यास त्या सह्या फुकट मिळणार नाहीत. महामंडळाच्या लेखी तर आपण विनापरवानगी आत शिरलेली व्यक्ती ठराल. अशा कागदांवर बँकही कर्ज देत नाही.

हस्तांतरण शुल्क भरावे लागते हे मध्यस्थाचे म्हणणे खरे आहे. मात्र ते शुल्क महामंडळाच्या प्रचलित दराशी निगडित असल्याने दर वाढले की तेही वाढते, हे तो सांगत नाही. त्यामुळे प्रादेशिक कार्यालयातून शुल्काचा लेखी आकडा आधी मिळवावा, ते कोणी भरायचे हे सौद्यातच लिहून घ्यावे, आणि इसाराची रक्कम परवानगी मिळाली नाही तर परत मिळेल अशी अट घालावी. भूखंड कंपनीच्या नावे असेल तर ‘नुसते शेअर घ्या, ट्रान्स्फर लागतच नाही’ असाही सल्ला कोणी देईल. भागधारक बदलणे हेही महामंडळ हस्तांतरणाच्याच नजरेने पाहते, आणि शेअरसोबत त्या कंपनीची जुनी देणीही गळ्यात पडतात.

दोन भाडेकरूंचा विषय आपण ओझरता लिहिला असला, तरी मला तो महत्त्वाचा वाटतो. पोटभाड्याने देण्यासाठीही महामंडळाची परवानगी आणि शुल्क लागते. ती घेतली नसेल तर तो भंग आधी नियमित करावा लागेल आणि त्याचा खर्च विक्रेत्यानेच उचलला पाहिजे. शेवटचा हप्ता रिकाम्या शेडचा ताबा मिळाल्यावरच द्यावा. ‘भाडेकरू महिनाभरात जातील’ या तोंडी आश्वासनावर तो मोकळा करू नये.

शेवटी विजेचे ताजे बिल मागून घ्यावे. त्यावर ग्राहकाचे नाव, मंजूर भार आणि थकबाकी या तीन गोष्टी वाचाव्यात. बंद कारखान्याची जोडणी अनेकदा कायमची खंडित झालेली असते, आणि मागच्या भाडेकरूंना वीज कुठून मिळते हा प्रश्न तिथेच उभा राहतो. मागील ग्राहकाची थकबाकी वीज कंपनी नियमांच्या आधारे नव्या मालकाकडे मागू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ च्या निकालात मान्य केले आहे. म्हणून महावितरणचे ना-थकबाकी पत्र आणि महामंडळाच्या पाणीपट्टीचे व सेवाशुल्काचे तसेच पत्र घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. मंजूर भार आपल्या मशीनना पुरेसा नसेल तर वाढीव भारासाठी रोहित्र लागेल का, तेही विचारून घ्यावे.

मुद्रांक शुल्क भाडेपट्ट्याच्या अभिहस्तांतरणावरही, म्हणजे उरलेला पट्टा दुसऱ्याच्या नावे करण्यावरही, विक्रीपत्राप्रमाणेच लागते. अशा हस्तांतरणावर जीएसटी लागू होत नाही, असा निकाल गुजरात उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये दिला आहे. आपल्या व्यवहारापुरते लेखी मत मात्र सनदी लेखापालाकडून घ्यावे, आणि कर लागलाच तर तो किमतीत धरला आहे की वेगळा द्यायचा आहे, हे सौद्यात लिहावे.

प्रश्न : मी पैठण तालुक्यात शिक्षक आहे. वडिलांच्या नावे शेती आहे. बिडकीनजवळ ऑरिकच्या हद्दीला लागून एक एकर जमीन मिळत आहे. टोयोटा येणार म्हणून भाव दुप्पट होईल, पुढे गोदाम बांधून भाड्याने देता येईल, असे सांगितले जाते. सातबारा स्वच्छ आहे. कर्ज काढून घ्यावी का?
— एक शिक्षक, पैठण तालुका

उत्तर : ‘ऑरिकला लागून’ आणि ‘ऑरिकमध्ये’ या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. शेंद्रा आणि बिडकीन मिळून सुमारे दहा हजार एकरांची ही औद्योगिक नगरी दिल्ली-मुंबई औद्योगिक कॉरिडॉरचा भाग आहे. तिच्या आतील भूखंड रस्ता, पाणी, वीज आणि सांडपाणी यांच्या सोयींसह भाडेपट्ट्याने दिले जातात. हद्दीच्या बाहेर असलेल्या शेतात यातले काहीही आपोआप येत नाही. आपल्या जमिनीला गोदामाचा कंटेनर वळेल एवढ्या रुंदीचा, नकाशावर नोंदलेला रस्ता आहे, की बांधावरून जाणारी गाडीवाट आहे, हे आधी पाहावे.

टोयोटा किर्लोस्करने जुलै २०२४ मध्ये राज्य शासनाशी सामंजस्य करार केला, हे खरे आहे. परंतु करार, जमीन ताब्यात घेणे, बांधकाम आणि उत्पादन यांच्यात वर्षे जातात. बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला, आणि त्याच्याभोवती पुरवठादारांचे जाळे हळूहळू विणले गेले. शिक्षकाच्या पगारातून जाणारा कर्जाचा हप्ता मात्र पहिल्या महिन्यापासून सुरू होतो. मोठ्या कंपनीच्या बातमीचा भाव विक्रेत्याने आपल्या किमतीत आधीच लावलेला असतो, हे गृहीत धरूनच बोलणी करावीत.

‘सातबारा स्वच्छ आहे’ हे वाक्य मराठवाड्यात जरा सावधपणेच ऐकावे लागते. आपला भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे इथल्या जमिनींचा इतिहास आजच्या सातबाऱ्याच्या बराच मागे जातो. वर ‘भोगवटादार वर्ग-१’ (शासनाच्या परवानगीशिवाय विकता येणारी जमीन) असे छापलेले असले, तरी ते तसे कोणत्या फेरफाराने झाले हे पाहिले पाहिजे. त्यासाठी १९५४-५५ च्या खासरा पत्रकापासून (जमिनीच्या जुन्या नोंदींच्या तक्त्यापासून) आजपर्यंतचे सर्व फेरफार तहसीलच्या अभिलेखातून काढून वकिलाला दाखवावेत. त्यात मुख्यतः तीन गोष्टी शोधायच्या असतात. एक, संरक्षित कुळाची नोंद, जी हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन कायदा, १९५० खाली येते. दोन, इनाम; जमीन मदतमाश (निर्वाहासाठी दिलेले इनाम) किंवा सेवा इनामाची असेल तर ती बहुधा वर्ग-२ ची असते आणि शासनाला नजराणा भरून परवानगी घेतल्याशिवाय विकता येत नाही. तीन, वक्फ. वक्फ मालमत्तेची विक्री मुळातच रद्दबातल ठरते, म्हणून जुन्या नोंदीत मशीद, दर्गा किंवा कब्रस्तानाचा उल्लेख दिसला की वक्फ मंडळाच्या नोंदी तपासाव्यात. मंडळाचे मुख्यालय छत्रपती संभाजीनगर शहरातच आहे. जुना मुंतखब (निजामकाळातील इनामाचा दाखला) उर्दूत असेल तर तो वाचून घेण्याचा खर्च वाचवू नये.

यानंतर ‘इतर हक्क’ या रकान्याकडे वळावे. बँकेचा बोजा सगळेच पाहतात. तिथे भूसंपादनाचा शेरा आहे का, हे पाहणारे थोडे असतात. एमआयडीसी महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम, १९६१ च्या सहाव्या प्रकरणाखाली जमीन संपादन करते. तशी नोटीस निघाली असल्यास आपण गोदामाची जागा नव्हे, तर सरकारी मोबदल्याचा दावा विकत घेत असता. विस्ताराच्या चर्चेतील गावांत हा धोका अधिक असतो. म्हणून सातबाऱ्यावर विसंबून न राहता भूसंपादन कार्यालयात गट नंबर देऊन लेखी विचारणा करावी.

वडिलांच्या नावे शेती असल्याने शेतजमीन घेण्याची आपल्याला मुभा असेल. पण गोदाम बांधायची मुभा त्यातून मिळत नाही. प्रादेशिक योजनेत किंवा विकास आराखड्यात हा गट कोणत्या झोनमध्ये येतो, याचा दाखला नियोजन प्राधिकरणाकडून घ्यावा. झोन शेतीचा असेल तर ‘एनए (बिगरशेती) करून देतो’ हे मध्यस्थाचे आश्वासन त्याच्या हातातले नाही. मोजणी करून ‘क’ प्रत (मोजणीचा नकाशा) घेतल्याशिवाय आणि स्थानिक वृत्तपत्रात जाहीर नोटीस दिल्याशिवाय खरेदीखत करू नये, हे वेगळे सांगायला नकोच.

गोदामच काढायचे असेल, तर माझ्या मते कर्ज काढून हद्दीबाहेरचा एक एकर घेण्याऐवजी समविचारी दोघांतिघांसह वसाहतीतील लहान तयार शेडची चौकशी करणे आपल्याला अधिक परवडेल.

प्रश्न : आमचे जालन्यात औषधांचे दुकान आहे. बीड बायपासवर बांधकाम सुरू असलेल्या व्यापारी संकुलात गाळा घेऊन भाड्याने देण्याचा विचार आहे. बिल्डर ताबा मिळेपर्यंत दरमहा ठरावीक परतावा देतो म्हणतो. गाळा पत्नीच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात सवलत मिळते का?
— एक औषधविक्रेते, जालना

उत्तर : नाही. महिला खरेदीदारांना मिळणारी एक टक्क्याची सवलत निवासी घरासाठी आहे, गाळ्यासाठी नाही. नोंदणी फी किमतीच्या एक टक्का, कमाल ३०,००० रुपये असते. किंमत ५० लाख रुपये किंवा त्याहून अधिक असल्यास विक्रेत्याला द्यायच्या रकमेतून एक टक्का प्राप्तिकर (टीडीएस) कापून तो सरकारजमा करण्याची जबाबदारी खरेदीदाराची, म्हणजे तुमची आहे.

परतावा कोणाच्या खिशातून येतो, हे बिल्डरला विचारून पाहा. बहुधा तो तुमच्याच वाढवलेल्या किमतीतून येतो, आणि बांधकाम रेंगाळले की आधी तोच बंद होतो. परताव्याशिवाय गाळ्याचा भाव काय, हे वेगळे मागितले म्हणजे फरक आकड्यांत दिसेल. तयार गाळ्यांचे भावही त्याच रस्त्यावर विचारा. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या गाळ्याच्या विक्रीवर जीएसटी लागत नाही, बांधकाम सुरू असताना लागतो. भाड्याचा हिशेब मांडताना व्यापारी भाड्यावर १८ टक्के जीएसटी असल्याचे लक्षात ठेवा. तुमची नोंदणी नसली आणि भाडेकरूची असली, तर ऑक्टोबर २०२४ पासून तो कर भाडेकरूला स्वतः भरावा लागतो, आणि तो भाडे ठरवताना ही गोष्ट पुढे करील.

गाळे आणि कार्यालये यांनाही रेरा (स्थावर संपदा नियमन) कायदा लागू आहे. महारेराच्या, म्हणजे या कायद्याखालील राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकून पूर्णत्वाची तारीख, मंजूर नकाशा आणि जमिनीवरील बोजा वाचा. किंमत चटई क्षेत्रावर ठरवा, कारण ‘सुपर बिल्टअप’च्या दरात जिना आणि लॉबीही तुमच्याच माथी मारली जाते. पार्किंगची जागा करारात लिहून घ्या. नोंदणीकृत करार होण्यापूर्वी बिल्डरला दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, आणि धनादेश प्रकल्पाच्या नोंदणीत दाखवलेल्या बँक खात्याच्याच नावे काढावा. तो दुसऱ्या एखाद्या फर्मच्या नावे मागितला गेला तर बोलणी तिथेच थांबवा.