अभ्यासिकेत शेजारचा मुलगा आठवडाभर खोकतोय, मास्क लावत नाही. त्याला न दुखावता कसं सांगू? मालकाकडे तक्रार करावी का?

दुखवायची काळजी तुम्हीच का घ्यायची, हे आधी मला कळू द्या. खोकतोय तो, मास्क लावत नाही तो, आणि शब्द जपून वापरायचे तुम्ही? परीक्षा तोंडावर असताना झोप उडालीय तीही तुमचीच. मला हा हिशोब पटत नाही. आजारी माणसाने आपण होऊन सांगायचं असतं. शेजाऱ्याने अंदाज बांधत बसायचं आणि मग हिंमत गोळा करून विचारायचं, ही कुठली रीत?

एवढं ठासून बोलतोय, कारण या एका गोष्टीपायी माझी राज्यसेवेची मुख्य परीक्षा गेली.

कोरोनाच्या आधीचं सांगतोय. मी पुण्यात नवी पेठेत कॉट बेसिसवर राहायचो आणि अभ्यासिका सदाशिव पेठेत होती. एसी असल्यामुळे खिडक्या कायम बंद. तुम्ही अशाच ठिकाणी बसता, तेव्हा जास्त वर्णन करत नाही. माझ्या डावीकडे बसणारा मुलगा आमच्या शेजारच्या तालुक्यातला. आमच्या नोट्स एक, चहा एक, टेस्ट सिरीजचे पैसे अर्धे अर्धे. मुख्य परीक्षा महिन्याच्या आत आली होती. एके सकाळी तो मफलर गुंडाळून आला, अंगात कणकण आहे म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्याच्या कानामागे आणि मानेवर पाणी भरलेले बारीक फोड दिसले. मी विचारलं तर म्हणाला, "उष्णता झालीय रे. मेसचं तिखट बाधलं." मग पूर्ण बाह्यांचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं, आणि रोज सकाळी उघडायच्या वेळेला जागेवर हजर. कांजिण्या आहेत हे त्याला पक्कं माहीत होतं. घरी फोन केला तेव्हा आईने ओळखलं होतं, कडुलिंबाच्या पाल्याने अंघोळ कर, बाहेर फिरू नकोस म्हणून बजावलंही होतं. हे पुढे मला त्यानेच सांगितलं.

आता कांजिण्यांचं असं आहे की फोड दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच माणूस त्या पसरवत असतो, आणि शेवटच्या फोडावर खपली धरेपर्यंत पसरवतो. लागण झालेल्या माणसाच्या अंगावर त्या उठायला दहा ते एकवीस दिवस जातात. त्यामुळे सुरुवातीच्या त्या एक-दोन दिवसांचा दोष मी त्याला कधीच दिला नाही. तेव्हा त्यालाही काही ठाऊक नव्हतं. माझा राग आहे तो त्यानंतरचा. कांजिण्यांच्या रोग्याशी संबंध आल्यावर तीन ते पाच दिवसांच्या आत लस घेतली तर आजार टळू शकतो, निदान हलका जातो. ही लस सरकारी लसीकरणात नाही, विकत घ्यावी लागते. माझी झालेली नव्हती, आणि लहानपणी मला कांजिण्याही आल्या नव्हत्या. त्याने फोड दिसल्या दिवशी तोंड उघडलं असतं तर मी दुपारीच जाऊन टोचून घेतली असती. उसने पैसे काढून घेतली असती. तेवढी मुदत माझ्या हातात होती आणि त्याने ती मला न विचारता संपवली.

परीक्षेच्या आठवड्यात मला ताप भरला. काय असणार हे मला लगेच समजलं.

मी ज्या मावशींकडे जेवायचो त्यांची मुलगी बाळंतपणाला माहेरी आली होती, दिवस भरत आले होते. बाळंतपणाच्या आधीचे पाच दिवस ते नंतरचे दोन दिवस, एवढ्या काळात आईच्या अंगावर कांजिण्या उठल्या तर बाळाच्या जिवावर बेतू शकतं. तेव्हा मला एवढा तपशील माहीत नव्हता, पण असला आजार घेऊन गरोदर बाईच्या घरात पाऊल टाकायचं नाही, एवढं घरी शिकवलेलं होतं. फोड यायच्या आधीच मी मावशींना फोन केला. खोलीतली पोरं म्हणत होती, कशाला सांगतोस, मेस बंद करतील, भरलेले पैसे जातील. मावशींनी आधी विचारलं, "सकाळपासून पोटात काय आहे तुझ्या?" मग मुलीला डॉक्टरांकडे नेलं. तिला लहानपणी येऊन गेल्या होत्या, काळजीचं कारण नव्हतं. मी बरा होईपर्यंत मऊ भात-वरणाचा डबा खोलीच्या दाराशी येत राहिला. आयुष्यात काही गोष्टी नीट केल्या असतील तर त्यातली ही एक आहे, आणि ते मी अभिमानाने सांगतो.

परीक्षेच्या दिवशी फोड ओले होते. मित्र म्हणाले, फुल शर्ट घाल, पेपर लिहून ये, कोण बघतंय? मी गेलो नाही. वर्गात पुढे-मागे बसणाऱ्यांपैकी कुणाची बायको पोटुशी असेल, कुणाच्या घरी केमो चाललेला बाप असेल, मला काय माहीत? मोठ्या माणसाला कांजिण्या झाल्या तर फुफ्फुसापर्यंत जाऊ शकतात. वडिलांना सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, पुढची जाहिरात कधी निघेल. तोपर्यंत त्या शेजाऱ्याच्या खपल्या धरल्या होत्या. तो सगळे पेपर देऊन आला. त्याची निवड झाली नाही. झाली असती तरी माझं म्हणणं हेच राहिलं असतं.

तेव्हापासून आमचा वाद चालू आहे. गावाकडच्या लग्नात भेटलो की निघतोच. त्याचं पहिलं म्हणणं, "महिन्याचे पैसे भरले होते, परीक्षा होती, मी काय करायला पाहिजे होतं?" परीक्षा म्हणजे काय हे मला कुणी शिकवू नये. 11 मार्च 2021 ला, परीक्षा तीन दिवसांवर आलेली असताना कोरोनाचं कारण देऊन ती पुढे ढकलल्याचं जाहीर झालं आणि शास्त्री रस्त्यावर पोरं उतरली, तेव्हा त्यांचा संताप मला आतून कळत होता. पण परीक्षा एकट्या त्याचीच होती का? त्या हॉलमध्ये बसलेल्या प्रत्येकाची होती.

दुसरं म्हणणं त्याने रागात काढलं आणि ते माझ्या जिव्हारी लागलं. "आजाऱ्याला लांब बसवायचं, हे नवं सोवळंच की." माझ्या आजोबांना गावातल्या विहिरीवर चढू देत नव्हते. सोवळं आणि विटाळ काय असतो हे मला त्याच्याकडून ऐकायची गरज नाही. विटाळ जन्माने चिकटवतात आणि मेल्यावरही सोडत नाहीत; स्मशानसुद्धा वेगळं देतात. संसर्ग कुणाच्या घरी जन्मलास हे विचारत नाही, आणि त्याला शेवटची तारीख असते. खपली धरली, विषय संपला. जो आज म्हणतो खोलीवर थांब, तोच आठवड्याभराने तुझ्याच ताटात हात घालून जेवत असेल, तर त्याला शिवाशिवीचं नाव देऊ नये. ज्यांनी खरी शिवाशिव सोसली त्यांचा तो अपमान आहे.

तिसरं म्हणणं मात्र मला खोडता येत नाही. तो म्हणतो, "सांगितलं असतं तर तुमच्या मालकाने मला हाकलला असता आणि एक रुपया परत दिला नसता." खरंच दिला नसता. 22 जून 1897, गणेशखिंड, रँड, चापेकर बंधू हे तुम्हाला मला झोपेत विचारलं तरी येतं. पण त्याच्या आधी प्लेगच्या साथीत या पेठांमध्ये काय चाललं होतं ते चार पर्यायांच्या प्रश्नात येत नाही. सोल्जर घरात घुसून झडत्या घेत होते, माणसं उचलून नेत होते, सामान जाळत होते, आणि लोक प्लेगचे रोगी घरातच लपवत होते. जिथे सांगितल्यावर शिक्षा मिळते तिथे माणूस सांगत नाही. त्याच साथीत सावित्रीबाई आणि त्यांचा मुलगा डॉ. यशवंत हडपसरजवळ ससाणे मळ्यात दवाखाना चालवत होते. मुंढव्याच्या एका आजारी पोराला पाठीवर घेऊन सावित्रीबाई त्या दवाखान्यात आल्या, त्यांना लागण झाली आणि 10 मार्च 1897 ला त्या गेल्या. आपण ही तारीख पाठ करतो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो.

म्हणून मालकाकडे तक्रार करावी का, या प्रश्नाचं माझं उत्तर मालक काय करणार त्यावर अवलंबून आहे. तो पोराला नुसता उठवणार असेल तर करू नका, कारण पुढचा आजारी औषधाची गोळी खाऊन, ताप उतरवून तुमच्याच शेजारी येऊन बसेल. आता मी स्वतः नारायण पेठेत एक छोटी अभ्यासिका चालवतो. ताप किंवा अंगावर फोड असतील तर खोलीवर थांबायचं. जितके दिवस थांबाल तितके दिवस फी न घेता पुढे वाढवून मिळतात आणि जागा दुसऱ्याला दिली जात नाही. झाडलोट करणाऱ्या ताईंचा पगारही आजारपणात कापत नाही, कारण रोजंदारी बुडत असेल तर "घरी बसा" म्हणण्यात काही अर्थ नाही. यात माझं फार नुकसान होत नाही. कुणी म्हणेल पोरं फायदा घेतात. एखादा घेतो, घेऊ दे. बाकीचे मात्र आता सकाळीच मेसेज करतात.

तुमच्या मालकाकडे जायचंच असेल तर त्या मुलाचं नाव न घेता खिडक्यांसाठी जा. भिंतीवरचा स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आत आणत नाही, खोलीतलीच हवा गार करून परत सोडतो. एक खिडकी बोटभर उघडी आणि एक एक्झॉस्ट फॅन, एवढं मागा. विजेचं बिल वाढेल म्हणेल. वाढू दे, सगळे मिळून मागा.

मास्कचं मला खरंच समजत नाही. देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू याच शहरात झाला, 3 ऑगस्ट 2009 ला, एका शाळकरी मुलीचा. नायडू हॉस्पिटलबाहेरच्या तेव्हाच्या रांगा लोकांना आठवत असतील. राज्यातले कोरोनाचे पहिले रुग्णही पुण्यातच सापडले, 9 मार्च 2020 ला. आणि ऊन-धूळ नको म्हणून गाडीवर तोंड बांधायची सवय इथे त्याच्याही आधीपासून आहे. उन्हासाठी बांधता, मग शेजाऱ्यासाठी का नाही? तो लावत नसेल तर तुम्ही लावा. नीट बसणारा एन-95 लावला तर तो तुमचंही बऱ्यापैकी रक्षण करतो.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती: प्रत्येक खोकला पसरणारा नसतो. दमा असतो, धुळीची ॲलर्जी असते, पित्त असतं. साधी सर्दी गेल्यावरही खोकला कित्येक दिवस रेंगाळतो आणि तोवर त्यातला संसर्ग बहुतेक संपलेला असतो. म्हणून त्याच्यावर आरोप करू नका, विचारा. चहाला बाहेर न्या आणि सरळ म्हणा, "भाऊ, आठवडा झाला खोकतोयस. दाखवलंस का कुणाला? ताप असेल तर दोन दिवस रूमवर थांब, नोट्स आणि डबा मी आणून देतो." शेवटचं वाक्य गाळू नका. ते म्हणायची तयारी नसेल तर आधीचं म्हणायचा हक्कही आपल्याला नाही. मला तेव्हा त्या पोराने विचारलं असतं तर मी डबाच काय, त्याचे कपडेही धुतले असते. हे मी त्याला तोंडावर सांगितलं आहे. तो म्हणतो, "आता म्हणतोस." मावशींचा डबा कुणी आणून दिला होता हे तो सोयीने विसरतो. कांजिण्या होऊन गेलेला आमच्यातला तोच एक होता, त्यानेच रोज आणला. म्हणजे आजाऱ्याचं कसं करायचं हे त्याला येत होतं. स्वतःचं सांगायला मात्र तो घाबरला, आणि ते मी आजही मान्य करत नाही.

तुमच्या शेजाऱ्याचा खोकला दोन आठवड्यांवर गेला, किंवा संध्याकाळचा ताप आणि वजन उतरणं सुरू झालं, तर थुंकीची तपासणी करायलाच हवी. महापालिकेच्या दवाखान्यात ती फुकट होते. टीबी निघाला तरी औषधं फुकट मिळतात, साधारण सहा महिने घ्यावी लागतात, आणि नोव्हेंबर 2024 पासून उपचार चालू असेपर्यंत महिन्याला 1,000 रुपये पोषणासाठी मिळतात. औषधं नीट लागू पडली की साधारण दोन आठवड्यांत दुसऱ्याला लागण होण्याचा धोका खूप कमी होतो. मग डॉक्टर सांगतील तेव्हा तो परत येऊन शेजारी बसू शकतो. टीबीचं नाव ऐकून पोरं गाव गाठतात आणि औषध अर्धवट सोडतात, तेवढं होऊ देऊ नका. त्याला एकट्याला पाठवण्यापेक्षा सोबत जा. सकाळची थुंकी लागते, त्यामुळे अकरापर्यंत तुम्ही दोघंही मोकळे व्हाल.