आयबीएस आणि अ‍ॅसिडिटी असताना टमी टक करून घेतलं तर चालेल का?

तुम्ही विचारलंय की बद्धकोष्ठाचा आयबीएस (आतड्यात जखम वगैरे काही नाही, पण त्याचं काम बिघडलेलं) आहे, अ‍ॅसिडिटीही आहे आणि दोन सिझेरियननंतर पोट लोंबतंय, तर टमी टक (पोटाची लोंबती कातडी काढायचं ऑपरेशन) करावं का. चालतं. जवळजवळ अशाच पोटावर मी करून घेतलंय, इथे मुंबईतच. फक्त प्लास्टिक सर्जनच्या आधी पोटाच्या डॉक्टरकडे जा आणि आतडं ताळ्यावर आल्याशिवाय तारीख घेऊ नका.

पहिल्यांदा हे बघा की तुमचं पोट नक्की कशाचं आहे. सकाळी पोट साफ झाल्यावर आरशासमोर उभ्या राहा, रात्री जेवणानंतर पुन्हा. सकाळी सपाट आणि रात्री सहावा महिना लागल्यासारखं दिसत असेल, तर त्यात गॅसचा वाटा मोठा आहे. या ऑपरेशनमध्ये जादा कातडी आणि चरबी काढतात, बाळंतपणात फाकलेले स्नायू मधोमध शिवून जवळ आणतात. आतड्याला कुणी हात लावत नाही. गॅस होता तेवढाच राहतो, वर आता त्याला फुगायला जागा कमी. मी आधी गेले त्या क्लिनिकमधल्या काउन्सेलर बाई (डॉक्टर नव्हेत) ‘ब्लोटिंग पण जाईल मॅडम’ म्हणत पॅकेजचा कागद पुढे सरकवत होत्या. तिथून मी उठले.

अ‍ॅसिडिटीचंही तेच. स्नायू आवळले की पोटातला दाब वाढतो आणि छातीतली जळजळ वाढू शकते. म्हणून माझ्या डॉक्टरांनी आधी एंडोस्कोपी केली, हायटस हर्निया (जठराचा वरचा भाग छातीत सरकणं) नाही ना हे बघायला. सोनोग्राफीत बेंबीचा छोटा हर्निया निघाला, तो त्याच ऑपरेशनमध्ये दुरुस्त झाला. स्नायू किती घट्ट शिवायचे हे सर्जन ठरवतो, त्यामुळे जळजळीचं त्याला आधीच सांगा. पित्ताशयाचं जुनं, मोठा छेद घेऊन केलेलं ऑपरेशन असेल तर तेही सांगा. उजव्या बरगडीखालच्या त्या व्रणामुळे खाली ओढायच्या कातडीचा रक्तपुरवठा कमी असू शकतो.

आता संडास. याबद्दल कुणी मोकळेपणाने बोलत नाही, म्हणून सविस्तर लिहिते. भूल, ट्रामाडॉलसारखी वेदनाशामकं, पडून राहणं, कमी खाणंपिणं, या सगळ्यानेच बद्धकोष्ठ होतो. आपल्याला तो आधीच आहे आणि ताज्या टाक्यांवर कुंथायचं नाही. त्यामुळे लॅक्टुलोजचं (संडास मऊ करणारं) सिरप मी डॉक्टरांच्या सल्ल्याने ऑपरेशनच्या आधीपासूनच सुरू ठेवलं होतं. नुसत्या इसबगोलवर राहू नका. पाणी कमी पडलं तर तो उलट अडकतो आणि गॅस वेगळाच. घरी इंडियन संडास असेल तर उकिडवं बसणं सुरुवातीला जमतच नाही. परळला हॉस्पिटलांच्या आसपास कमोडची खुर्ची भाड्याने मिळते, ती आधीच आणून ठेवा. पायाखाली पाट घ्या, म्हणजे जोर कमी लागतो.

जेवण थोडं थोडं, दिवसातून अनेकदा. मऊ मुगाची खिचडी, ताक, शिजवलेला दुधी. पावटे, छोले, राजमा बंद. आमच्या सासूबाई डिंकाचे लाडू घेऊन हजर झाल्या, बाळंतिणीसारखे लाड, पण ते लाडू नवऱ्याने संपवले. ऑपरेशननंतर पोटावर बांधतात तो पट्टा घट्ट असताना पोटभर जेवलं की सगळं घशाशी येतं. पाठ उंच आणि गुडघे वाकवून झोपायला सांगतात, ते मात्र अ‍ॅसिडिटीवाल्यांच्या पथ्यावरच पडतं.

भूलतज्ज्ञाला सगळी औषधं सांगा, वजनासाठी सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन घेत असाल तर तेसुद्धा, कारण त्याने जठर उशिरा रिकामं होतं. अल्सर असेल तर ब्रुफेन, डायक्लोफिनॅकच्या जातीच्या गोळ्या नकोत हे आधीच बोलून घ्या. जड उचलणं साधारण सहा आठवडे बंद असतं. गर्दीची लोकल मी त्याच हिशेबात धरली. मे आणि ऑक्टोबर टाळा, पट्ट्याखाली घामाने जीव नको होतो.

हे सगळं आयबीएसचं. क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस (आतड्याला सूज आणि जखमा होणारे आजार) असेल तर गोष्ट वेगळी. आजार शांत असायला हवा, स्टेरॉइड चालू असतील तर जखम उशिरा भरते, आणि या आजारांत रक्ताच्या गुठळ्यांचा धोका मुळातच जास्त असतो. हिमोग्लोबिन, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) बघूनच पुढे जातात. बायोलॉजिक (प्रतिकारशक्ती आवरणारी) इंजेक्शनं चालू असतील तर ऑपरेशन कधी करायचं ते पोटाच्या डॉक्टरनेच ठरवावं. आपल्याकडे आतड्याचा टीबी आणि क्रोन्स यांची गल्लत होते, तेव्हा निदान पक्कं असू द्या.

सर्जन एमसीएच प्लास्टिक सर्जरी (या विषयातली एमएसनंतरची पदवी) झालेला आहे ना आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे त्याची नोंदणी आहे ना, हे तपासा. मेडिक्लेमची आशा धरू नका, सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया त्यात साधारणपणे बसत नाही. हर्निया निघाला तर त्याच्या दुरुस्तीचा खर्च वेगळा धरता येतो का, ते विमा कंपनीला ऑपरेशनच्या आधी लेखी विचारा आणि उत्तरही लेखीच घ्या.