दाखला देऊ नकोस

प्रिय मुली,

परवा खानापूरच्या बसस्टँडवर तू म्हणालीस, "सर, हेडमास्तर म्हणतात, तुझ्या वर्गातल्या त्या कानाच्या मशीनवाल्या पोराला बेळगावच्या स्पेशल शाळेत घाला, तिथं त्याचं बरं होईल. मला काही सुचंना." तुझी बस सुटत होती, म्हणून लिहितोय.

त्याचा शाळा सोडल्याचा दाखला देऊ नकोस.

1998 साली मी असा एक दाखला लिहिला. चौथीतलं पोरगं. कमी ऐकू यायचं, पण माझ्या ओठांवरून धडा उचलायचं. घरी मराठी, शाळेत मराठी. ओठ वाचायला शिकलं तेही मराठीच. त्याच्या वडलांना राजी करून मी त्याला वसतिगृहाच्या शाळेत धाडलं. तिथं सगळं कन्नडमध्ये. माणसांचे ओठच परके झाले. दिवाळीला घरी आलं ते परत गेलं नाही, आणि माझ्याही वर्गात आलं नाही. पटावरचं नाव मीच कमी केलं होतं. पुढं वीटभट्टीवर दिसायचं. मला बघितलं की हातातलं खाली ठेवून नमस्कार करायचं.

माझ्याकडं दोन इयत्ता मिळून साठ मुलं होती, मला कुणी काही शिकवलं नव्हतं, हे खरंच आहे. कायदा नव्हता, असंही मी वर्षानुवर्षं सांगत आलो. अपंगांच्या हक्कांचा 1995 चा कायदा होता. मी वाचला नव्हता.

तुझ्याकडं 2016 चा आहे. कलम 16 बघ: मान्यताप्राप्त शाळेनं भेदभाव न करता प्रवेश द्यायचा, गरजेप्रमाणं सोय करायची. कलम 31 बघ: 40 टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 वर्षं मोफत शिक्षण, जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, त्याच्या पसंतीनं. "इथं जमणार नाही" हे ऐकून आईनं मान हलवली, ती पसंती नव्हे. खुणांची भाषा हवी म्हणून घरच्यांनीच विशेष शाळा मागितली, तर मी स्वतः सोबत जाईन. त्यांनी मागितलीय का? मग दाखला देऊ नकोस.

आणि "मला ट्रेनिंग नाही" हे पुन्हा म्हणू नकोस. फळ्याकडं तोंड करून बोलू नकोस. खिडकीला पाठ करून उभी राहू नकोस, तोंडावर अंधार येतो, ओठ दिसत नाहीत. मशीनची एक जादा बॅटरी तुझ्या ड्रॉवरमध्ये ठेव. एवढं उद्यापासून होतं. कन्नड, इंग्रजी जड गेलं तर परीक्षेत जादा वेळ, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट, हे कलम 17 मध्ये आहे. बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसला लेखी अर्ज कर आणि पोच घे. तोंडी विचारलंस तर नकारही तोंडीच मिळेल, आणि तो कुठं दाखवता येत नाही.

हेडमास्तर रागावतील. रागावू देत. तू नवी आहेस, नोकरीची भीती मला कळते. मीही तेव्हा भ्यालोच होतो.

रविवारी घरी ये. अर्जाचा कच्चा मसुदा लिहून ठेवतो. त्या पोराच्या आईलाही आण, तिला काय हवंय हे अजून कुणी विचारलेलं नाही.

तुझा,
सर