वाघूरची दरी

प्रश्न : अजिंठा लेण्यांची दरी घोड्याच्या नालेसारखी कशी झाली? ती पाहायला कधी यावं? – एक वाचक, परभणी

उत्तर : दादा, दरी वाघूर नदीनं बसाल्टचे थर कापत कोरली. श्रावणात या! सप्तकुंडाचं पाणी कड्यावरून टप्प्याटप्प्यानं कोसळतं, शेवाळलेल्या कातळावर तुषार उडत राहतात. आम्ही सिल्लोडकडची माणसं पाहुण्यांना आधी लेण्यांत नेत नाही, समोरच्या व्ह्यू पॉइंटवर नेतो. 1819 साली शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याला समोरच्या कड्यावरूनच दहाव्या लेण्याची कमान दिसली. त्यानं आत खांबावर नाव कोरलं, मला ते अजून खुपतं. हे लेणं इसवी सनाआधीचं. बरीचशी बाकीची पाचव्या शतकातली, वाकाटक राजघराण्याच्या काळातली. सोमवारी लेणी बंद असतात, तेवढं सांभाळा.